खालचा कंट्रोलर

मुलीचं लग्न फेब्रुवारीत झालं आणि मे महिना अर्धा सरला तरी लग्नाची फिल्म घरी आली नव्हती. फोटोंचा अल्बम आला होता. तो दाखवून दाखवून आम्ही गल्लीतल्या लोकांना दमवलं होतं. पण फिल्म काही येईना. बायको अंगणवाडीत आहे, दुपारी घरी येते. आल्यावर पाण्याचा ग्लास तोंडाला लावायच्या आधी तिचा प्रश्न ठरलेला असायचा, "गेले होते काय स्टुडिओत?"

निवृत्त माणसाला असल्या कामातून सुटका नसते. मी टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होतो, नोकरीची बहुतेक वर्षं कारंजाच्या एक्सचेंजमध्ये गेली. वडीलही त्याच खात्यात, लाइनवरचे मजूर. इंझोरीच्या बाजूला खांब रोवणं, तारा ओढणं हे त्यांनी केलं. मी एसीच्या खोलीत बसून बटणं दाबायला लागलो तेव्हा त्यांना त्याचा अभिमानही वाटायचा आणि थोडी शंकाही यायची, की बसल्या जागी हे पोरगं नेमकं काय काम करतं. आता मीही घरीच होतो. सकाळी विहारातून आलो की दिवस मोकळा. त्यामुळे फिल्मचा पाठपुरावा माझ्याकडे.

स्टुडिओ म्हणजे फोटो काढायचं दुकान नव्हतं. आजूबाजूचे फोटोग्राफर लग्नं टिपून आणायचे आणि इथे त्यांची फिल्म बनायची, नको ते कापून, गाणी लावून. चालवणाऱ्या ताईंचं सासर माळ्याचं. गावाला लागूनच त्यांची वांगी, मेथी, कोथिंबीर आहे. नवरा भल्या पहाटे भाजी बाजारात घालतो, आणि दहा वाजता ताई स्टुडिओ उघडतात. लग्नानंतर अकोल्याला जाऊन-येऊन हे काम शिकल्या. आधी घरातच एक कॉम्प्युटर होता, आता गादीच्या दुकानावरच्या माळ्यावर चार कॉम्प्युटर आणि चार मुली.

त्या दिवशी मी गेलो तेव्हा साडेतीन वाजले असतील. ऊन असं, की जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लावता येत नव्हता. वर पाहतो तर चारही मुली हाताची घडी घालून बसलेल्या. चारही पडद्यांवर ते गोल चक्र फिरत होतं. ताई एका अल्बमच्या पुठ्ठ्याने वारा घेत होत्या.

"बसा काका," त्या म्हणाल्या. "झोपली पेटी."

"कोन्ती पेटी?"

"ते काय कोपऱ्यात हाय ते. सगळ्याईचे लग्नं तिच्यातच हायेत. तुमच्या पोरीचंही. दुपार झाली का बंद पडते. उन्हाळा लागला तेव्हापासून रोज. अर्धा-पाऊण तासानं आपल्याच मनानं उठते. तेवढ्यात या पोरी पाह्यत बसतात."

"अन् म्हनून फिल्म मांगे राह्यली?"

"एकच का काका? सतरा राह्यल्या."

मी कोपऱ्यात गेलो. एका उघड्या लोखंडी रॅकमध्ये, कपड्यांच्या ट्रंकेएवढी काळी पेटी होती. समोरच्या बाजूला डिस्कचे बारा कप्पे. मागे वाकून पाहिलं आणि मला एकदम ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. मागे दोन कार्डं होती, एकावर एक, अगदी सारखी. दोघांना वेगळी वीज, दोघांना वेगळी केबल. दोन्ही केबलींच्या तोंडाशी हिरवे दिवे.

"हे दोन कायले हायेत?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं, पण त्यांना माहीत आहे का ते पाहायचं होतं.

"कंट्रोलर म्हनतात त्याले," ताई म्हणाल्या. "पेटी देनाऱ्यानं सांगतलं होतं, डिस्कवरचं काढून देनं-घेनं कंट्रोलर करते. वरचा काम करते. तो पडला का खालचा काम हाती घेते. त्याले फेलओव्हर म्हनतात. तुमाले समजनार बी नाई म्हने, बदलला म्हनून."

"मंग?"

"मंग काय. वरचा पडते आन् आमाले चांगलंच समजते."

हे ऐकून मी कशाला आलो होतो ते विसरलो. आमच्या एक्सचेंजमध्येही असंच होतं. सगळा कारभार पाहणारे प्रोसेसर दोन. एक काम करी, दुसरा त्याच्या शेजारी तयार राही. दर सोमवारी सकाळी आम्ही मुद्दाम काम एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचो. गावात लोक बोलत असायचे, कुणी पुण्याच्या मुलाशी, कुणी व्यापाऱ्याशी, आणि कोणाचंही बोलणं तुटायचं नाही. आमचे साहेब म्हणायचे, सोमवारी आपण स्वतः बदलून पाहिलं नाही, तर गुरुवारी तो बदलेल याची काय खात्री?

"ताई, तुमी कधी मुद्दाम बदलून पाह्यला होता? पेटी चांगली असताना?"

"चांगलं चालू असताना कोन हात लावते, काका?"

तेवढ्यात पेटी उठली. चार पडद्यांवर चार नवरदेव एकदम घोड्यावर बसले आणि मुली कामाला लागल्या. ताईंनी पेटीवाल्या कंपनीच्या मदतीच्या लाइनवर फोन लावला. तिकडे बंगळूरचा एक तरुण होता, अतिशय सभ्य. त्याने इथली पेटी तिथून पाहिली आणि म्हणाला, "मैडम, हमारे यहाँ तो फेलओवर सक्सेसफुल दिखा रहा है। नीचे वाले कंट्रोलर ने पूरा चार्ज ले लिया था।"

"लिया होगा भैया," ताई म्हणाल्या, "लेकिन हमको नहीं दिया।"

तो म्हणाला, पेटी ठीक आहे, तुमचं नेटवर्क बघा. त्या दिवशी मला त्याचा राग आला. नंतर कळलं की तो बरोबर होता.

घरी येऊन बायकोला सांगितलं, फिल्म का येत नाही ते मला समजलं. ती म्हणाली, "समजून काय करता? आनता का?" मी म्हटलं, आणतो. आणि अडगळीतून माझी कातडी बॅग काढली. पकड, स्क्रू ड्रायव्हर, केबलला टोक बसवायची चिमटी, सगळं जागच्या जागी होतं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ती बॅग खांद्याला लावली आणि आरशात पाहून घेतलं, हे बायकोने पाहिलं. 

दुसऱ्या दिवशी बाराच्या आत पोचलो. माझं मत पक्कं झालं होतं. खालचा कंट्रोलर काम हाती घेतो, पण त्याचा आवाज मुलींच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचत नाही. म्हणजे केबलच्या टोकात दोष. उन्हाळ्यात प्लास्टिक ढिलं पडतं, आतली तार सैल होते. असले दोष मी शेकड्यांनी काढले होते. खालच्या कंट्रोलरची केबल उपसली, टोक कापलं, आठही तारा ओळीने लावून नवं टोक बसवलं. मुली काम थांबवून पाहत होत्या, त्यामुळे मी जरा जास्तच सफाईने करत होतो. केबल परत लावली. दिवा हिरवा.

"झालं," मी म्हटलं. "ताई, आता मुद्दाम बदलून पाहू. ते वरच्याकडून खालच्याकडे द्यायचं बटन असन ना कॉम्प्युटरवर?"

"आत्ता? काम चालू हाय काका."

"चालू असतानाच पाहायचं असते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

चारही पडद्यांवर चक्र फिरायला लागलं. आम्ही एक मिनिट थांबलो, दोन मिनिटं थांबलो. गादीवाल्याचं पिंजायचं मशीन खाली घरघरत होतं, तेवढाच आवाज. पेटीची स्थिती सांगणारा पडदा मात्र म्हणत होता, काम खालच्या कंट्रोलरकडे गेलं, सर्व ठीक. परत वरच्याकडे द्यायला दहा मिनिटं गेली. एका मुलीचं अर्ध्या तासाचं काम जतन केलेलं नव्हतं, ते गेलं. ती रागावली नाही. नुसती म्हणाली, "काका, आधी तीन वाजता बंद पडे. तुमी बाराले पाडलं."

बाकीच्या हसल्या, ताईही हसल्या, मीही हसलो, पण कान गरम झाले होते. तिची माफी मागितली. घरी येऊन बायकोला काहीच सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही, यावरून ती समजली हे मी समजलो.

जेवून पडलो, पण झोप येईना. एवढ्या वर्षांची नोकरी आणि मी आधी मत बनवलं, मग औजार काढलं. आम्हाला शिकवलं होतं ते उलटं: आधी दोष कोणत्या बाजूला आहे ते शोधा. दोन सारख्या गोष्टी असल्या की याची सोय असते. अदलाबदल करून पाहायची. माणसाचा दोष असेल तर माणसाबरोबर जाईल, वाटेचा असेल तर वाटेवरच राहील.

तिसऱ्या दिवशी मी ताईंना आधीच सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत करू, सगळ्यांचं काम जतन झाल्यावर. मुलींनी डबे उघडले आणि मी पेटीमागे गेलो. दोन्ही केबली काढल्या आणि फिरवून लावल्या. वरच्याची खालच्याला, खालच्याची वरच्याला.

"पाहा आता."

वरचा कंट्रोलर, जो सकाळभर उत्तम चालला होता, तो मुका झाला. पडद्यांवर चक्र.

"आता काम खालच्याले द्या."

ताईंनी बटण दाबलं. मी मनात मोजत होतो. पंचविसावर होतो तेव्हा एका मुलीच्या पडद्यावर फाइलींची यादी उघडली. मग दुसरीच्या. ती घास हातात तसाच धरून म्हणाली, "ताई, चालू झालं. हा खालचा हाय?"

"खालचाच," मी म्हटलं. "ह्याच्यात काहीच दोष नाई. आपन त्याले उगाच नावं ठेवली."

ताई म्हणाल्या, "मंग दोष कोनात हाय?"

"ह्या वायरीत. नाहीतर ती जिथे जाते तिथे."

पण वायर जाते कुठे? मुलींच्या खोलीत एक सोळा तोंडांचा स्विच होता, सगळ्या केबली त्यात येत. सगळ्या निळ्या, एकीवरही चिठ्ठी नाही, आणि पेटीपासून स्विचपर्यंत सगळ्या वरच्या पीओपीच्या छतात गडप. पेटीकडून दोन निळ्या वर जात होत्या आणि स्विचपाशी निळ्यांचा झुबका खाली येत होता. तो पाहून सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की दोन्ही तिथेच येतात. मीही धरलं होतं.

गादीवाल्याकडून शिडी आणली. छताची एक चौकोनी पाटी सरकवून मी डोकं आत घातलं. एका मुलीला स्विचपाशी उभं केलं, दुसरीला पेटीपाशी.

"ओढ हळूच," मी पेटीपाशीच्या मुलीला म्हटलं. "तिकडे स्विचपाशी हालली काय एखादी?"

"नाई काका," स्विचपाशीची म्हणाली.

"पुन्हा ओढ."

"इकडे एकही हालून नाई राह्यली."

पण माझ्या नाकासमोर एक निळी केबल हालत होती, आणि ती स्विचकडे जात नव्हती. भिंतीच्या वरून, जिन्याच्या बाजूला जात होती. माझे वडील खांबांच्या रांगेने पायी जायचे. तार तुटली की दोन्ही टोकं पाहून अंदाज नाही करायचे, चालत जायचे. मी शिडीवरून उतरलो, शिडी उचलली आणि केबलच्या मागे गेलो. जिन्याखाली एक लाकडी कपाट होतं. त्यात स्टुडिओवर नजर ठेवणाऱ्या चार कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र होतं आणि त्याच्याजवळ आठ तोंडांचा एक छोटासा स्विच. चार कॅमेरे, एक ते यंत्र आणि सहावी आमची निळी केबल. हिरवा दिवा लावून बसलेली.

मी तिथेच पायरीवर बसलो. ताई मागे उभ्या होत्या.

"काय झालं काका?"

"ताई, रोज दुपारी वरचा पडला का तुमचा खालचा कंट्रोलर इमानदारीनं काम हाती घेते. सगळे लग्नं घेऊन तयार बसते. फक्त इथं येऊन बसते, कॅमेऱ्याईत. इथं त्याले लग्न मांगनारं कोनी नाई, अन् तिकडे पोरी मांगतात तर त्या वाटेवर हा नाई. दोन स्विचचा एकमेकाशी काही संबंधच नाई ना."

त्यांनी ते समजून घेतलं आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावला. वर मुलींना सांगितलं, तिथून हसण्याची दुसरी लाट आली. मग ताई थोड्या गंभीर झाल्या. "हे वायरिंग भाऊजीनं केलं हाय."

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, इलेक्ट्रिशियन. विहिरीवरच्या मोटारी बांधणं, घरांची फिटिंग. कारंजात त्यांचं नाव आहे. ताईंनी फोन केला तसे अर्ध्या तासात आले. जिन्यावरच त्यांना कळलं असावं, कारण वर आले ते चेहरा तयार करूनच आले.

"काय चुकलं माह्यं?" त्यांनी मला विचारलं. ताईंना नाही.

मी केबल दाखवली.

"मोठा स्विच भरला होता त्या दिवशी," ते म्हणाले. "सोळाही तोंडं. वहिनी म्हने आजच चालू झालं पाह्यजे. म्या इकडे लावली. लाइट लागला. हिरवा लागला म्हनजे बरोबर, असं कोनीही म्हनन."

 त्यांचं वायरिंग सुबक होतं, वळणं काटकोनात, चिमटे हातभर अंतरावर. त्यांनी हयगय केली नव्हती. आणि चार मुलींसमोर, वहिनीसमोर, एका निवृत्त म्हाताऱ्याने येऊन चूक काढावी हे कोणालाही झोंबलं असतं.

"म्यानंही काल तेच केलं," मी म्हटलं. "नवं टोक बसवलं, हिरवा दिवा पाह्यला आन् म्हटलं झालं. मंग या पोरीचं अर्ध्या तासाचं काम बुडवलं. इचारा तिले. तो दिवा एवढंच सांगते का दुसऱ्या टोकाले कोनीतरी हाय. कोन हाय ते नाई सांगत. तुमचं अन् माह्यं सेम झालं."

त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"तुमी खात्यात होते ना?" ते म्हणाले. "अन् तुमी बी?"

"मी बी."

मग त्यांचा चेहरा सुटला. लगेच शिडीवर चढले. आता प्रश्न होता मोठ्या स्विचमध्ये तोंड रिकामं करण्याचा. एकेक केबल शोधत गेलो. सोळापैकी एक बाहेर, जिथे गिऱ्हाईक बसतं त्या बाकासमोरच्या टीव्हीची निघाली. ती काढायचं ठरलं तेव्हा मुलींनी थोडी कुरकुर केली. जेवताना त्या टीव्हीवर त्यांची मालिका चालायची. ताई म्हणाल्या, "मालिका मोबाइलवर पाहा." अशी कंट्रोलरला जागा झाली. भाऊजींनी केबल आणून तिथे लावली, आणि मग स्वतःहून पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे करून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच आकडा लिहिला. त्यात तास गेला. कोणी घाई केली नाही.

तोवर दुपार सरली होती. खरी परीक्षा उद्या, असं ठरलं. ताई म्हणाल्या, "काका, उद्या काकूलेही आना. तुमची फिल्म जेवढी झाली तेवढी दाखवते. ती चालू असतानाच बदलून पाहू."

बायको अंगणवाडीतून थेट आली, हातात पोषण आहाराचं रजिस्टर तसंच. तिला मधली खुर्ची दिली. मुली तिच्यामागे उभ्या राहिल्या. भाऊजी दाराला टेकून उभे होते. ताईंनी मोठ्या पडद्यावर फिल्म लावली. मांडव, पांढऱ्या साडीतली आमची मुलगी, समोर मेणबत्त्या, अगरबत्ती, सगळे उभे राहून त्रिशरण-पंचशील म्हणताहेत. आवाज साफ होता. बायकोने रजिस्टर मांडीवर ठेवलं.

"आता बटन नाई दाबत," मी ताईंना म्हटलं. "आता खरंच पडल्यासारखं करू. वरचा कंट्रोलर ओढून काढतो."

"चालू फिल्ममदी?"

"चालूतच."

"काका, तुमच्याच पोरीची फिल्म हाय, म्हनून हो म्हनते."

मी पेटीमागे गेलो. बंगळूरच्या त्या सभ्य मुलाला सकाळीच विचारून घेतलं होतं. तो म्हणाला होता, दूसरा ठीक है तो बेफिक्र निकालिए.  खटका दाबला आणि वरचं कार्ड दोन बोटं बाहेर ओढलं. त्याचे दिवे गेले.

इकडे फिल्म आणखी चार-पाच सेकंद चालली आणि थांबली. चित्र जागच्या जागी गोठलं. मी मागून येऊन पाहिलं तर पडद्यावर मीच होतो. मुलीच्या मागे उभा, नवा शर्ट, आणि दोन्ही गालांवरून पाणी ओघळलेलं, तोंड वाकडं झालेलं. भिंतीएवढा मोठा.

 मी मोजत होतो. दहा. अकरा. बारा.

"अन् मले म्हने अगरबत्तीचा धूर गेला डोयात," बायको म्हणाली.

सतरा. अठरा. मुली हसू दाबत होत्या. भाऊजी दुसरीकडे पाहत होते. माझ्या आयुष्यात वीस सेकंद इतके लांब कधी झाले नव्हते. एक्सचेंजमध्ये वरिष्ठ तपासणीला आले होते तेव्हाही नाही.

बाविसावर चित्र हाललं. पडद्यावर मी बाहीने डोळे पुसले, आणि सगळ्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, जिथे थांबला होता तिथूनच. ताईंनी आधी कॉम्प्युटर पाहिला, मग पेटी, मग माझ्याकडे.

"खालच्यावर चालू हाय?"

"खालच्यावर."

त्यांनी चहा सांगायला खाली गादीवाल्याकडे आवाज दिला आणि मी वरचं कार्ड परत आत सरकवलं. बायको मात्र जागची उठली नाही. फिल्म तिने शेवटपर्यंत पाहिली, जेवणाच्या पंगतीपर्यंत, आणि मग म्हणाली, "पुन्हा लावता काय?"

काम इथे संपलं असं सगळ्यांना वाटलं. मला वाटत नव्हतं. वरचा कंट्रोलर रोज दुपारी पडत का होता, हे राहिलंच होतं. आता तो पडला तरी कोणाला कळणार नव्हतं, आणि ते जास्त वाईट. एक निमूटपणे मेला आणि दुसऱ्या कोण्या दिवशी दुसरा गेला की सतरा नाही, सगळीच लग्नं अडकतील. हे ताईंना पटवायला वेळ लागला नाही. त्या बाईला एकदा दाखवलं की पुरे.

कारण शोधायलाही फार लागलं नाही. मदतीच्या मुलाने पेटीची नोंद पाहून सांगितलं, वरचा तापून स्वतःच बंद होतो. वीजबिल वाचवायला ताईंनी दुपारी जेवणापासून चारपर्यंत एसी बंद ठेवायची सवय लावली होती, हे एक. दुसरं मी पेटीच्या समोरची जाळी उघडली तेव्हा दिसलं. आत कापसाचा थर होता. पातळ नाही, पांघरुणासारखा, बोटभर जाड, राखाडी. खाली गादीवाला दिवसभर कापूस पिंजतो, त्याची तूस जिन्याने वर येते आणि पेटीचे पंखे ती ओढून घेतात. हवा आत जायला जागाच नव्हती. गरम हवा वर चढते, म्हणून वरचा आधी पडायचा.

पेटी रीतसर बंद करून भाऊजींनी त्यांच्या ब्लोअरने ती बाल्कनीत साफ केली. कापूस उडून समोरच्या कडुलिंबावर जाऊन बसला. गादीवाला खाली उभा राहून पाहत होता. म्हणाला, "एवढ्यात एक उशी झाली असती." त्याला वाईट वाटलं होतं, म्हणून त्याने जिन्याच्या तोंडाशी आपल्याकडचं जाड खादीचं कापड पडदा म्हणून लावून दिलं. ताईंनी एसी दुपारीही चालू ठेवायचा ठरवलं. त्या दुपारी वरचा पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत सतराही फिल्मा गेल्या. आमची पहिली दिली नाही. ताई म्हणाल्या, तुमच्याआधी ज्याईनं दिल्या त्याईच्या आधी. मला ते आवडलं. बायकोला नाही आवडलं. आता दर सोमवारी अकरा वाजता मी स्टुडिओत जातो. काम वरच्याकडून खालच्याकडे देतो, मुली वीस सेकंद हात वर करून बसतात, मग काम सुरू होतं. चहा होतो. ज्या मुलीचं काम मी बुडवलं होतं ती आता हे स्वतः करायला शिकली आहे, मी फक्त शेजारी उभा असतो.

जुलैत एकदा भाऊजींचा फोन आला. शेलूबाजारच्या एका शाळेत असलीच पेटी बसवली आहे, छोटी, तिच्याही दोन केबली आहेत, आणि मास्तर म्हणतात एक काढली की सगळं बंद होतं. "तुमी येता काय? मी एकटा जात होतो, पन म्हटलं सोबत जाऊ."

मी बॅग घेतली. आम्ही कारंजाच्या स्टँडवरून जीप धरली, मागच्या सीटवर मांडीला मांडी लावून, भाऊजींच्या पायात वायरचं बंडल, माझ्या मांडीवर बॅग. वाटेभर ते मला विहिरीवरच्या मोटारींचे दोष सांगत होते, आणि मी एक्सचेंजचे. दोन्हीकडचं ऐकून समोर बसलेल्या बाईने शेवटी तोंड फिरवून घेतलं. शेलूबाजारच्या चौकात उतरलो तर कढईतून गरम कचोऱ्या निघत होत्या.

"आधी खाऊन घेऊ," ते म्हणाले.

"आधी वायर पाहू," मी म्हटलं. "मास्तर वाट पाहून राह्यले असतीन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी कढईकडे पाहिलं, आणि आम्ही दोघं बाकावर बसलो.